हँडल, धक्का आणि सेल्फ : खानदेशच्या थंडीतली मोटार

जळगाव आणि धुळे जिल्ह्यांत गाडीची बॅटरी बसण्याचा हंगाम डिसेंबर-जानेवारीचा. तापीच्या खोऱ्याला उत्तरेकडे सातपुडा आणि दक्षिणेकडे सातमाळा-अजिंठ्याच्या रांगा आहेत. हवा कोरडी, रात्री आकाश निरभ्र. काळी जमीन दिवसा तापते आणि सूर्य मावळला की झपाट्याने निवते. त्यात उत्तरेकडून गार वारे सुटले की धुळ्याच्या कृषी महाविद्यालयातला पारा ५ अंश सेल्सिअसच्याही खाली उतरल्याची बातमी येते. हाच प्रदेश मे महिन्यात ४५ अंशांपर्यंत पोळतो. वर्षाच्या दोन टोकांत चाळीस अंशांचे अंतर असलेल्या या मुलखात मोटार आली, रुळली आणि तिच्या जिवावर अनेक धंदे उभे राहिले. बॅटरीवाल्याचा धंदा त्यांतलाच एक, पण त्याची कमाई हवामानावर जितकी बेतलेली आहे तितकी पंक्चरवाल्याची किंवा गॅरेजवाल्याची नाही.

थंडीने बॅटरी जाते असे सगळेच म्हणतात. ते अर्धेच खरे आहे. गाडीच्या नेहमीच्या बॅटरीत शिशाच्या प्लेटा आणि पाणी मिसळलेले गंधकाम्ल असते. गारठ्यात त्यांच्यातली रासायनिक क्रिया मंदावते. शून्य अंशापाशी बॅटरीची ताकद साधारण एक तृतीयांशाने घटते आणि नेमके त्याच वेळी इंजिनातले ऑइल घट्ट झाल्यामुळे ते फिरवायला जास्त जोर लागतो. पण खानदेशातल्या गावांत पारा सहसा शून्याच्या बराच वर असतो आणि ५-७ अंशांत धडधाकट बॅटरी बिनतक्रार काम करते. बसते ती आधीच खंगलेली. तापमान ८ ते १० अंशांनी वाढले की बॅटरीचे आयुष्य निम्म्यावर येते, असा या शास्त्रातला ढोबळ नियम आहे. उन्हाळ्यात आतले पाणी उडते, उघड्या पडलेल्या प्लेटांवर सल्फेट धरते, शिशाची जाळी गंजत जाते. पुढे दिवाळीपर्यंत इंजिन सहज सुरू होत असल्याने हे कोणाच्या ध्यानात येत नाही. खानदेशात बॅटरीचे खरे नुकसान वैशाखात होते, पौषात ते उघडकीला येते. शीत देशांतल्या पुस्तकांमध्ये हिवाळ्यासाठी दिलेला सल्ला इथे जसाच्या तसा लागू पडत नाही, तो यामुळेच.

सुरुवातीच्या मोटारींना हा प्रश्नच नव्हता, कारण इंजिन सुरू करायला त्यांना बॅटरी लागत नव्हती. मुंबईत पहिल्या मोटारी १८९८ मध्ये आल्या. खानदेशात त्या कापसाचे व्यापारी, गिरण्यांचे मालक आणि इंग्रज अधिकारी यांच्याबरोबर पुढच्या काळात शिरल्या. १९०६ मध्ये खानदेशचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले, तेव्हा साहेबाचा दौरा अजून घोड्यावरून आणि टांग्यातूनच चाले. त्या काळच्या गाडीत ठिणगी मॅग्नेटोतून मिळे, दिवे कार्बाइडच्या गॅसवर किंवा रॉकेलवर जळत आणि भोंगा रबरी फुग्याचा असे. इंजिन सुरू करायला पुढच्या बाजूने हँडल घालून ते हाताने फिरवायचे.

हँडल मारणे हे ताकदीपेक्षा सवयीचे काम. अंगठा इतर बोटांच्याच बाजूला ठेवायचा, दांड्याभोवती वळवायचा नाही. ठिणगी वेळेआधी पडली तर इंजिन उलटा झटका देते आणि अंगठा अडकलेला असेल तर मनगट मोडते. म्हणून आधी ठिणगी मागे घेण्याची कळ ओढायची, चोक लावायचा आणि हँडल खालून वर उचलायचे. वरून खाली दाबायचे नाही. हिवाळ्यात पेट्रोलची वाफ नीट होत नाही, तेव्हा दोन-तीन फेरे नुसते फिरवून मग खरा झटका द्यायचा. श्रीमंताघरी हे काम ड्रायव्हरचे आणि ड्रायव्हरच्या हाताखालच्या क्लीनरचे. पुढे विहिरींवर डिझेल इंजिने आली, किर्लोस्करांची इंजिने गावोगाव पोहोचली, तेव्हा तेच तंत्र शेतकऱ्याच्या हातात आले. दाब सोडायची कळ उघडून चाक जोरात फिरवायचे आणि वेग आला की कळ बंद करायची. यावल-रावेर भागात केळीच्या बागेला भल्या पहाटे पाणी देणाऱ्याला मोटारीच्या हँडलची वेगळी शिकवणी लागली नसणार.

अमेरिकेत चार्ल्स केटरिंगने तयार केलेला विजेचा स्टार्टर १९१२ च्या कॅडिलॅक गाडीत बसला आणि बॅटरीला मोटारीत कायमची जागा मिळाली. शिशाची बॅटरी त्याआधी अर्धशतक अस्तित्वात होती. ती फ्रान्समध्ये गास्तों प्लांतेने १८५९ मध्ये शोधली होती. फोर्डच्या स्वस्त मॉडेल टी गाडीला स्टार्टर मिळायला मात्र १९१९ उजाडले. मराठीत या स्टार्टरला 'सेल्फ' हेच नाव पडले, ते आजही टिकून आहे. सेल्फ आला तरी हँडल गेले नाही. महिंद्राच्या जीपला ते होते, जुन्या ॲम्बॅसेडरलाही होते, आणि बॅटरी दगा देणार हे गृहीत धरूनच ते गाडीबरोबर मिळे.

सेल्फबरोबर एक नवी अडचण आली. बॅटरी चार्ज करायची कुठे? खानदेशात वीज फार थोड्या गावांत होती. भुसावळला १८६० च्या दशकापासून रेल्वे होती आणि डब्यांतले दिवे आसाला जोडलेल्या डायनमोवर आणि डब्याखालच्या शिशाच्या बॅटऱ्यांवर चालू लागल्यावर अशा बॅटऱ्या सांभाळणारे कारागीर रेल्वेच्या मोठ्या ठाण्यांत तयार झाले. बाकी ठिकाणी पिठाच्या गिरणीच्या किंवा सरकी काढण्याच्या कारखान्याच्या इंजिनावर डायनमो जोडून चार्जिंग होई. गिऱ्हाईक मोटारवालेच होते असे नाही. वीज नसलेल्या गावात रेडिओ बॅटरीवर चाले, तमाशाचे आणि सभेचे लाउडस्पीकर बॅटरीवर चालत. बॅटरी सायकलच्या कॅरियरला बांधून तालुक्याला न्यायची, एक-दोन दिवस दुकानात ठेवायची आणि ॲसिड सांडू न देता परत आणायची, हा अनेक गावांचा नेम होता. तरी कॅरियरच्या बाजूची धोतरे-पायजमे ॲसिडच्या भोकांनी भरलेली असत.

या काळातला एक प्रसंग खानदेशच्या इतिहासात ठळक आहे. काँग्रेसचे खेड्यात भरलेले पहिले अधिवेशन डिसेंबर १९३६ मध्ये फैजपूरला झाले. पुढारी रेल्वेने आणि मोटारींनी आले, पण अध्यक्ष जवाहरलाल नेहरूंची मिरवणूक बैलांच्या रथातून निघाली. हेतू अर्थातच खेड्याचा मान राखण्याचा होता. ऐन डिसेंबरातल्या पहाटेचा विचार केला तर व्यवहाराच्या बाजूनेही निवड वाईट नव्हती. न सुरू होणाऱ्या मोटारीला बैलजोडी लावून ओढणे हा त्या काळचा सर्रास उपाय होता.

बॅटरीचे जुने दुकान हे वर्कशॉपच असे. तेव्हाच्या बॅटरीचे खोके कडक काळ्या रबराचे, सहा व्होल्टला तीन कप्पे आणि बारा व्होल्टला सहा. प्रत्येक कप्पा म्हणजे एक सेल. वरचे झाकण डांबरासारख्या लुकणाने बसवलेले आणि सेल जोडणाऱ्या शिशाच्या पट्ट्या वर उघड्याच. त्यामुळे दोष कुठल्या सेलमध्ये आहे ते शोधता येई. त्यासाठी दोन टोकदार पायांचा टेस्टर असे. तो पट्टीवर दाबून धरला की पायांमधली जाड तार तापे आणि काटा हले. चांगला सेल काटा धरून ठेवी. खराब सेलचा काटा खाली कोसळे आणि त्याच्या तोंडातून बुडबुडे येत. मग हायड्रोमीटरने ॲसिडची घनता पाहायची. आपल्याकडच्या उष्ण हवेत पूर्ण चार्ज बॅटरीत ही घनता १.२४० च्या आसपास ठेवतात, थंड देशांत ती १.२८० च्या पुढेही असते. तीव्र ॲसिडमुळे थंडीत जोर जास्त मिळतो, पण उन्हाळ्यात प्लेटा लवकर खाल्ल्या जातात. दुकानदार हा आकडा दशांशाशिवाय 'बाराशे चाळीस' असाच बोलतो.

सेल गेला असेल तर लुकण तापवून झाकण उचलायचे, पक्कडीने प्लेटांचा गठ्ठा वर काढायचा, तळाचा गाळ ओतून टाकायचा आणि नव्या प्लेटा बसवायच्या. दोन प्लेटांमधला पडदा तेव्हा लाकडाच्या पातळ फळीचा असे. शेवटी शिशाची पट्टी पुन्हा जोडायची. त्यासाठी टॉर्चच्या जुन्या सेलमधली कार्बनची कांडी दुसऱ्या बॅटरीला तारेने जोडत. कांडी शिशाला टेकली की टोक लालभडक होई आणि शिसे वितळून सांधा भरून येई. हे काम पाहायला पोरे जमत. त्यांना कोणी हाकलत नसे आणि गाळ ओतलेल्या जमिनीचाही कोणी विचार करत नसे. शिशाची धूळ आणि वाफ हळूहळू विष भिनवते ही गोष्ट या धंद्याने फार उशिरा मनावर घेतली. त्या कारागिरांचे हातापायांचे आणि पोटाचे विकार कामाचाच भाग मानले गेले.

पाण्याचीही एक अडचण होती. खानदेशातल्या विहिरींचे पाणी बरेच ठिकाणी जड. त्यातले क्षार बॅटरीत गेले की प्लेटा निकामी होतात. डिस्टिल्ड वॉटर सहज मिळत नव्हते तेव्हा पावसाचे पाणी पत्र्यावरून न घेता थेट उघड्या काचेच्या किंवा चिनी मातीच्या भांड्यात धरून वर्षभर पुरवत.

सर्वसामान्य माणसाचा बसलेल्या बॅटरीशी पहिला परिचय झाला तो एसटीमुळे. १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर ही पहिली एसटी धावली. काही वर्षांत खासगी मोटारवाल्यांची जागा सरकारी गाड्यांनी घेतली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात पेट्रोलच्या टंचाईमुळे कोळशाच्या गॅसवर चालणाऱ्या खासगी बसगाड्या लोकांनी पाहिल्या होत्या. त्यांची भट्टी पेटवून गाडी निघेपर्यंत बराच वेळ जाई. त्या मानाने डिझेलची एसटी म्हणजे सुखच. मात्र तिच्या वेळापत्रकात मुक्कामी गाडी नावाचा प्रकार होता. संध्याकाळची शेवटची गाडी आडगावी मुक्कामाला थांबे आणि पहाटेची पहिली फेरी घेऊन तालुक्याला परते. तिच्यात शाळा-कॉलेजची मुले, दुधाचे कॅन, बाजाराला निघालेली माणसे आणि कोर्टात तारीख असलेला एखादा पक्षकार असे. ही एक गाडी चुकली की दिवस बुडाला.

डेपोपासून दूर, उघड्यावर, रात्रभर गारठलेली गाडी पहाटे सेल्फवर सुरू होईलच याची खात्री नसे. अनुभवी चालक त्याची तजवीज संध्याकाळीच करी. गावाबाहेर उतार असेल तर गाडी त्याच्या तोंडाशी लावायची आणि चाकाखाली दगड ठेवायचा. पहाटे दगड काढला, गाडी ओघळू लागली, क्लच दाबून दुसरा गिअर टाकला आणि वेग धरताच क्लच सोडला की चाके इंजिनाला फिरवत. जुन्या डिझेल इंजिनाला ठिणगी लागत नाही. सिलिंडरमध्ये दाबली गेलेली हवा तापते आणि त्यात पंपाने फवारलेले डिझेल आपोआप पेटते. पंपही इंजिनावरच चाले, त्याला विजेची गरज नव्हती. म्हणून बॅटरी पूर्ण मेलेली असली तरी अशी गाडी केवळ गतीने जिवंत होई. पहिला गिअर टाकला तर चाकेच अडतात आणि गाडी हिसका खाऊन थांबते, त्यामुळे दुसरा. नंतर मात्र तालुक्याला पोहोचेपर्यंत इंजिन बंद करायचे नाही. वाटेतल्या थांब्यांवर ते धडधडतच राही.

उतार नसलेल्या गावात धक्का. तापीकाठची गावे सपाट, तिथे प्रवाशांनाच खाली उतरावे लागे. तिकीट काढून वर गाडीही ढकलायची, यावर विनोद पुष्कळ झाले, पण कोणी नकार दिल्याचे ऐकिवात नाही. मागे पंधरा-वीस माणसे, बाजूला सामान धरून उभ्या असलेल्या बायका आणि दारात उभा राहून ओरडणारा कंडक्टर हे खानदेशातल्या हिवाळी पहाटेचे सार्वजनिक दृश्य होते. यात धोका होताच. सुरू झालेली गाडी पुढे जाते आणि मागचा माणूस तोंडावर पडतो. इंजिन बंद असताना हवेच्या ब्रेकना दाब नसतो, त्यामुळे उतारावर इंजिन पकडले नाही तर थांबवणेही अवघड. सातपुड्याच्या पायथ्याच्या आणि कन्नड घाटाच्या बाजूच्या गावांत उतार मुबलक, म्हणून धक्क्याचे कष्ट कमी आणि जोखीम जास्त.

ट्रकवाल्यांची रीत याहून कडक होती. धुळे हे मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर या दोन हमरस्त्यांच्या सांध्यावरचे गाव. २०१० पर्यंत त्यांचे क्रमांक ३ आणि ६ होते. ट्रकमालक, बॉडी बांधणारे, टायरवाले, ऑटो इलेक्ट्रिशियन अशी सगळी मालिका या सांध्यामुळे जगली. बिजासन घाट चढून उत्तरेला निघालेला ट्रक मध्य प्रदेशात याहून कडक थंडी गाठणार असे. म्हणून निघण्याआधी बॅटरी पाहून घेण्याचे ठिकाण धुळेच. मोठ्या ट्रकात १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या ओळीने जोडून २४ व्होल्ट करतात. त्यातली एकच बदलली तर जुनी नवीलाही ओढून खाली आणते, हा धडा बहुतेकांनी पैसे मोजून घेतला आहे. पहाटे इंजिन धरत नसेल तर डिझेलात भिजवलेला बोळा पेटवून हवा ओढण्याच्या तोंडाशी धरत, ऑइलच्या टाकीखाली निखारे ठेवत. भारतीय मानकांत डिझेलचे हिवाळी आणि उन्हाळी असे दोन प्रकार आहेत. हिवाळी डिझेल ३ अंशांपर्यंत वाहते राहिले पाहिजे, उन्हाळ्यातल्याला १५ अंशांची सूट आहे. धुळ्याच्या पहाटेला हा फरक कागदावरचा राहत नाही.

रावेर, सावदा, फैजपूर भागातून केळी भरून दिल्लीकडे जाणाऱ्या ट्रकला तर थंडी दोन्हीकडून नडते. १३ अंशांच्या खाली केळीची साल काळवंडू लागते, त्यामुळे माल झाकायचा आणि वाटेत कुठे रखडू द्यायचा नाही. बॅटरीवर केलेला खर्च या व्यवहारात कोणी वाचवत नाही.

देशात बॅटरी बनवणारे कारखाने वाढले तसा दुकानांचा चेहरा बदलला. आज एक्साइड म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कंपनीने १९६९ मध्ये पुण्याजवळ चिंचवडला कारखाना काढला आणि महाराष्ट्रातल्या शहरांना माल जवळून मिळू लागला. पुढे रबरी खोक्याची जागा उष्णतेने सांधलेल्या प्लॅस्टिकच्या खोक्याने घेतली. ते उघडून सेल बदलता येत नाही. त्याबरोबर प्लेटा बसवणारा कारागीर बाद झाला आणि विकणारा, तपासणारा, जुनी परत घेणारा दुकानदार उरला. जुन्या बॅटरीतले शिसे पुन्हा वितळवून वापरतात, म्हणून तिला भंगारातही भाव असतो. जुनी दिली नाही तर नवी पूर्ण किमतीला घ्यावी लागते. २००१ च्या नियमांनी ही परतफेड कायद्याच्या चौकटीत आणली आणि २०२२ च्या नव्या नियमांनी जबाबदारी थेट उत्पादकांवर टाकली. भंगारातून चोरवाटेने चालणाऱ्या भट्ट्या त्यामुळे संपल्या असे समजणे भोळेपणाचे होईल.

धक्क्याचा काळ इलेक्ट्रॉनिक्सने संपवला. १ एप्रिल २०२० पासून देशभर प्रदूषणाचे बीएस-६ निकष लागू झाल्यावरच्या गाड्यांत इंधनाचा पंप, फवारा आणि धुराची शुद्धी हे सारे संगणकाच्या ताब्यात आहे, आणि संगणकाला वीज हवी. स्वयंचलित गिअरच्या गाडीत तर चाकांनी इंजिन फिरवायचा मार्गच नाही. आता उपाय उरला तो दुसऱ्या गाडीतून वीज घेण्याचा. त्याचा क्रम ठरलेला आहे. लाल वायरचे एक टोक बसलेल्या बॅटरीच्या अधिक टोकाला, दुसरे चांगल्या बॅटरीच्या अधिक टोकाला. मग काळी वायर चांगल्या बॅटरीच्या उणे टोकाला आणि तिचे शेवटचे टोक बंद गाडीच्या इंजिनाच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून लांब. शेवटच्या जोडाला ठिणगी उडते आणि चार्ज होणाऱ्या बॅटरीतून हायड्रोजन निघतो. जुन्या चार्जिंगच्या दुकानात विडी ओढू देत नसत, त्याचे कारणही तेच.

स्पोर्ट्स कार जळगाव-धुळ्यात तुरळकच. १९९८ च्या सुमारास गोव्यात तयार झालेली छोटी सॅन स्टॉर्म किंवा मुंबईच्या दिलीप छाब्रिया यांची अवंती हे मराठी मुलखाशी नाते सांगणारे प्रयत्नही थोड्या संख्येतच राहिले. पण ज्यांच्याकडे परदेशी बनावटीची अशी गाडी आहे त्यांना बॅटरीचा त्रास चारचौघांपेक्षा जास्त होतो, तो थंडीपेक्षा गाडी उभी राहिल्याने. कुलूप लावलेल्या गाडीतही अलार्म, घड्याळ, संगणक थोडी थोडी वीज ओढत असतात. हा खर्च ५० मिलिॲम्पिअर धरला तरी दिवसाला १.२ ॲम्पिअर-तास होतो, म्हणजे ६० ॲम्पिअर-तासाची बॅटरी पंचवीस दिवसांत निम्मी. खड्ड्यांच्या रस्त्यांवर कमी उंचीची गाडी महिना महिना बाहेर निघत नाही, आणि निघते ती नेमकी हिवाळ्यातल्या लग्नसराईत.

त्यात बॅटरीची जागा. पोर्शे ९११ मध्ये इंजिन मागे आणि बॅटरी पुढच्या सामानाच्या कप्प्यात. बऱ्याच वर्षांच्या मॉडेलांत त्या कप्प्याचे झाकण विजेनेच उघडते. बॅटरी मेली की बॅटरीपर्यंत पोहोचायची वाटच बंद. त्यासाठी आत फ्यूजच्या डब्यात बाहेर ओढता येणारे एक टोक दिलेले असते. त्याला दुसऱ्या बॅटरीचे अधिक टोक आणि गाडीच्या धातूला उणे टोक जोडले की झाकण उघडण्यापुरती वीज मिळते. याच कंपनीने २०१० पासून काही मॉडेलांना लिथियमची हलकी बॅटरी देऊ केली. वजन ६ किलोंच्या आत, नेहमीच्या बॅटरीपेक्षा सुमारे १० किलो कमी. मात्र शून्याखाली ती नीट काम करत नसल्याने सोबत शिशाची साधी बॅटरीही दिली जाई. खानदेशच्या थंडीत त्या दुसऱ्या बॅटरीची गरज पडत नाही, मे महिन्यात बंद पत्र्याच्या शेडमध्ये तापणाऱ्या पहिलीची काळजी करावी लागते.

अशा गाड्यांची अधिकृत दुरुस्ती मुंबई-पुण्यासारख्या शहरांत, त्यामुळे स्थानिक इलेक्ट्रिशियनच हात लावतो आणि बहुधा योग्य तेच सांगतो. गाडी उभी राहणार असेल तर भिंतीतल्या विजेवर चालणारा, भरल्यावर आपोआप थांबणारा छोटा चार्जर लावून ठेवावा. उणे टोक काढून ठेवायचे असेल तर आधी काच खाली-वर होण्याची आणि कुलपाची सोय पाहावी. बॅटरीची भार देऊन तपासणी ऑक्टोबरात, उन्हाळा सोसून झाल्यावर करावी. विजेवर चालणाऱ्या गाड्यांनाही हे लागू आहे. त्यांत चाके फिरवणारी मोठी बॅटरी वेगळी असली तरी दारे, दिवे आणि संगणक बहुतेक मॉडेलांत १२ व्होल्टच्या लहान बॅटरीवरच जागे होतात. ती बसली तर पूर्ण चार्ज असलेली गाडीही जागची हलत नाही.